मात्रा लागू पडावी म्हणून : गोल्फच्या ड्रायव्हरची निवड

बालरोगतज्ज्ञाच्या व्यवसायात एक शिस्त पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडते. मूल किती वर्षांचे आहे यापेक्षा ते किती किलोचे आहे, हे आधी पाहायचे आणि मगच औषधाची मात्रा लिहायची. शेजारच्या मुलाला जे औषध लागू पडले ते आपल्याही मुलाला द्यावे, असा आग्रह पालक धरतात तेव्हा आपण त्यांना समजावतो की औषध तेच असले तरी शरीर वेगळे आहे. हीच शिस्त आपण डॉक्टर मंडळी स्वतःच्या छंदाच्या बाबतीत मात्र बाजूला ठेवतो. गोल्फचा ड्रायव्हर विकत घेताना जाहिरातीतील खेळाडू पाहतो, मित्राच्या हातातील क्लब पाहतो, किंमत पाहतो. आपले शरीर आणि आपला स्विंग पाहायचा राहून जातो. त्या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेडणे तालुक्यात गोल्फ हा शब्द उच्चारला की अनेकांना प्रथम तेरेखोल आठवते. २०१०च्या दशकात तेथील नियोजित गोल्फ मैदानाला ग्रामस्थांनी विरोध केला आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. शेतजमीन, पाणी आणि कुळांचे हक्क यांचा तो प्रश्न गंभीर आहे, आणि खेळाच्या प्रेमापोटी त्याकडे डोळेझाक करणे मला योग्य वाटत नाही. चोपड्यात राहून हा खेळ खेळायचा तर काणकोणच्या राजबागेतील नऊ होलांच्या मैदानासाठी जवळजवळ सगळा गोवा ओलांडावा लागतो. एरवी घरामागे माडांच्या सावलीत जुने रापणीचे जाळे दुहेरी टांगून त्यात चेंडू मारण्यावर समाधान मानावे लागते. तरीही आपल्या व्यवसायातील बरीच मंडळी पन्नाशीनंतर या खेळाकडे वळतात. कोणाची मुले पुण्यात किंवा दुबईत असतात, कोणी निवृत्तीनंतर सवंगड्यांच्या ओढीने जातो. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे, आणि कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब तर १८२९ सालचा. हा खेळ आपल्या देशाला नवा नाही. नवी आहे ती त्याच्या साधनांची गुंतागुंत.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. होलच्या आरंभी लाकडी खुंटीवर, म्हणजे टीवर, चेंडू ठेवून तो सर्वांत दूर मारण्यासाठी जो क्लब वापरतात तो ड्रायव्हर. त्याचे तीन भाग असतात : चेंडूला भिडणारे डोके, हातात धरायची ग्रिप आणि या दोहोंना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट. चेंडूचे वजन नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. क्लबचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते. दोघांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती होते, आणि तेवढ्यात चेंडूचे सारे भवितव्य ठरते.

एके काळी डोके लाकडाचे आणि दांडा हिकरीचा असे. ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्याला मान्यता दिली. १९७०च्या दशकात कार्बनतंतूंचा, म्हणजे ग्राफाइटचा, हलका दांडा आला. पुढे डोकेही धातूचे झाले, १९९०च्या दशकात टायटॅनियम रुळले आणि डोके फुगत गेले. अखेर ४६० घनसेंटिमीटर ही मर्यादा घालावी लागली. आज बहुतेक कंपन्यांची डोकी या मर्यादेच्या आसपासच असतात, त्यामुळे दोन चांगल्या ड्रायव्हरांत डोक्यापेक्षा दांड्याचा, कोनाचा आणि लांबीचा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिले माप : वेग

रुग्णाचे वजन तसा खेळाडूच्या स्विंगचा वेग. चेंडूला भिडताना क्लबचे डोके ताशी किती मैल वेगाने जाते, हे प्रथम मोजावे. जगातील अव्वल व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा वेग ११० मैलांच्या पुढे असतो. आपल्यासारख्या हौशी पुरुषांचा बहुधा ८० ते ९५ मैलांत असतो आणि साठीनंतर तो हळूहळू उतरतो. यात कमीपणा काहीच नाही. वाढीच्या तक्त्यावर मूल खालच्या रेषेवर असले तरी ते निरोगी असू शकते, तसेच हे आहे.

ढोबळ मानाने ७५ मैलांखालील वेगाला सर्वांत लवचिक दांडा, ७५ ते ८५ ला सीनियर, ८५ ते ९५ ला रेग्युलर, ९५ ते १०५ ला स्टिफ आणि त्यापुढे एक्स्ट्रा स्टिफ अशी वर्गवारी सांगितली जाते. परंतु येथे एक मोठी मेख आहे. दांड्याच्या ताठरपणाला सर्व कंपन्यांना बांधील असे एकच प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे असते आणि २५० मिलिग्रॅमचेही असते. ‘एक चमचा दिला’ एवढ्यावरून किती औषध पोटात गेले ते कळत नाही, आणि घरातील चमचाही प्रत्येक ठिकाणी निराळा. दांड्यावरील अक्षराचे तसेच आहे. अक्षर वाचून नव्हे, चेंडू मारून पाहून दांडा ठरवावा.

दांड्याचे काम

दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटताना चेंडूला फेकतो, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती अर्धीच खरी. दांड्याच्या ताठरपणाने वेगात पडणारा फरक थोडा असतो. डोके चेंडूपाशी कोणत्या वेळी, कोणत्या कोनातून आणि किती वर तोंड करून पोहोचते, यावर त्याचा परिणाम अधिक जाणवतो. फार ताठ दांडा घेतला तर चेंडू पुष्कळदा खाली राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे जातो. फार मऊ घेतला तर तो उंच चढतो आणि डावीकडे वळण्याकडे कल राहतो. हा नियम प्रत्येकाला तंतोतंत लागू पडतोच असे नाही, म्हणूनच प्रत्यक्ष चाचणीला पर्याय नाही.

लवचिकतेइतकेच महत्त्व वजनाला आहे, किंबहुना पन्नाशीनंतर अधिकच. ड्रायव्हरचे ग्राफाइट दांडे सामान्यतः ४० ते ७० ग्रॅमचे मिळतात. हलक्या दांड्याने कित्येकांचा वेग किंचित वाढतो आणि अठराव्या होलपर्यंत खांदे कमी थकतात. मात्र ज्याची लय घाईची आहे त्याच्या हातात अतिशय हलका दांडा भरकटतो. ज्याला वरून खाली येताना डोके कोठे आहे हे जाणवत नाही, त्याने पाच-दहा ग्रॅम अधिक घेऊन पाहावे.

कोन, लांबी आणि आपला पावसाळा

क्लबचे तोंड जितके मागे कललेले तितका त्याचा लॉफ्ट अधिक. नऊ अंशांचा ड्रायव्हर पुरुषी आणि बारा अंशांचा बायकी, हा समज निव्वळ अहंकारातून आलेला आहे. वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकण्यासाठी त्याला पुरेशी उंची द्यावीच लागते. ८० ते ९० मैल वेगाच्या खेळाडूचा चेंडू साधारण १३ ते १५ अंशांत उडाला आणि मिनिटाला २५०० ते ३००० फेरे घेत गेला, तर त्याला आपल्या वेगाचा पुरेपूर मोबदला मिळतो. त्यासाठी साडेदहा ते बारा अंशांचा लॉफ्ट बहुतेकांना मानवतो. वेग ८० च्याही खाली असेल तर बारा किंवा त्याहून अधिक घेण्यास मुळीच संकोचू नये.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन इतकी कडक होते की खाली उतरलेला चेंडूही पुढे घरंगळत जातो. मृगाचा पाऊस पडला की तोच चेंडू जेथे पडतो तेथेच रुततो. पावसाळी मैदानावर हवेतून कापलेले अंतर तेवढेच आपले. म्हणून कोकणपट्टीत खेळणाऱ्याने उन्हाळ्यातील लांब फटक्यावर भुलून कमी लॉफ्ट घेऊ नये.

लांबीचेही तसेच. दुकानातील ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. लांब दांड्याने वेग वाढतो, परंतु चेंडू तोंडाच्या मध्यावर लागण्याची शक्यता घटते, आणि मध्य चुकला की वाढलेला वेग वाया जातो. चेंडू मध्यावर लागला तर त्याचा वेग क्लबच्या वेगाच्या जेमतेम दीडपट होतो. टाचेकडे वा टोकाकडे लागला की हे गुणोत्तर झपाट्याने उतरते. पाहण्याची युक्ती सोपी आहे. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूस ठिपका काढावा आणि तो बाजू क्लबच्या तोंडाकडे करून ठेवावा. फटक्यानंतर तोंडावर त्याची खूण उमटते. दहा फटक्यांच्या खुणा विखुरलेल्या दिसल्या तर ग्रिप एक इंच खाली धरून पुन्हा दहा मारावेत. खुणा मध्याकडे गोळा झाल्या तर आपल्याला आखूड दांडा हवा, हे निदान एका पैशाचाही खर्च न करता झाले.

चेंडू सतत उजवीकडे वळतो ही नवशिक्याची नित्याची तक्रार. क्लबचे तोंड स्विंगच्या मार्गाच्या तुलनेत उघडे राहिले की चेंडूला तिरके फेरे बसतात आणि तो वळतो. टाचेकडे वजन दिलेला ड्रायव्हर हे वळण थोडे कमी करतो. हा तापावरचा उपचार झाला, रोगावरचा नव्हे. रोगाचा उपचार शिक्षकाकडेच आहे, आणि नव्या ड्रायव्हरच्या किमतीत त्याचे कित्येक तास मिळतात.

डॉप्लर आपल्या ओळखीचा

हे सारे मोजणारी यंत्रे आता महानगरांतील सराव केंद्रांवर उपलब्ध आहेत. त्यांतील ट्रॅकमन हे डेन्मार्कचे यंत्र डॉप्लर रडारवर चालते. गर्भाच्या नाळेतील रक्तप्रवाह आणि हृदयाच्या झडपा ज्या तत्त्वावर आपण पाहतो, तेच तत्त्व येथे चेंडूचा माग काढते. पुण्या-मुंबईस जाणे झाले की एक तास काढून चाचणी करून घ्यावी. जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंग गरम झाल्यावरच आकडे मोजावेत. सर्वांत लांब फटका विसरून दहा फटक्यांची सरासरी आणि त्यांची पांगापांग पाहावी. आणि थकल्यावर पुन्हा पाच फटके मारावेत, कारण खेळाचा उत्तरार्ध आपण थकलेल्या शरीरानेच खेळतो.

शरीर काय म्हणते?

माझे एक भूलतज्ज्ञ स्नेही साठी ओलांडलेले आहेत. त्यांना परदेशातील मुलाने प्रेमाने अतिशय ताठ व जड दांड्याचा ड्रायव्हर पाठविला. मुलाची भेट म्हणून ते तोच वापरीत राहिले. चेंडू वर जाईना म्हणून जोर वाढविला, जोर वाढला तशी कंबर धरली, मग कोपराच्या आतील बाजूस दुखू लागले. खेळ सोडण्याच्या गोष्टी ते बोलू लागले होते. दांडा बदलून पन्नास ग्रॅमचा सीनियर बसविला, विश्रांती आणि व्यायामाची जोड दिली आणि काही महिन्यांनी ते पुन्हा मैदानावर दिसू लागले. केवळ दांड्याने दुखणे बरे झाले असे मी म्हणणार नाही. पण दुखण्यास निमित्त होणारा अनावश्यक जोर त्याने टळला, आणि एका माणसाचा रविवार वाचला. हौशी गोल्फपटूंना कंबर, कोपर आणि मनगट हेच अवयव अधिक त्रास देतात, हे अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना सांगावयास नकोच.

माझ्या व्यवसायाशी निगडित गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वडिलांचा जुना क्लब कापून मुलाच्या हाती देण्याची पद्धत सर्रास आढळते. दांडा कापला की तो आखूड होतो तसाच अधिक ताठही होतो, आणि डोके मात्र प्रौढाच्याच वजनाचे राहते. दहा वर्षांचे मूल ते ओझे मनगटाने नव्हे तर पाठीने ओढू लागते, आणि त्या वयात बसलेली ढब पुढे सुटता सुटत नाही. मुलांसाठी हलके डोके आणि लवचिक दांडा असलेले, उंचीनुसार बनविलेले क्लब मिळतात. ते परवडत नसतील तर मुलाने चिपिंग आणि पटिंग शिकावे, ड्रायव्हरची घाई नको. ‘अंगाला येईल पुढे’ म्हणून मोठा सदरा शिवणे चालते. पण मोठ्या बॅटीने वा मोठ्या क्लबने वाढणारी हाडे आणि सांधे दुखावतात. गावच्या मळ्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे.

पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीला या खेळाची ओळख त्याच्या लष्करी डॉक्टर वडिलांनी करून दिली, ही आपणा डॉक्टर पालकांना सुखावणारी गोष्ट. त्याच्यासह पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. परंतु त्या ऑलिंपिकमध्ये भारताला जागरणे करावयास लावली ती बेंगळुरूच्या अदिती अशोकने. अव्वल खेळाडूंत तिचा ड्रायव्हरचा फटका आखूड गणला जातो, आणि त्या सुमारास कोविडमधून उठल्याने तो आणखीच आखूड झालेला होता. लांब मारणाऱ्या कित्येकींना मागे टाकून ती चौथी आली. कांस्यपदक केवळ एका फटक्याने हुकले. तिने आपल्या शरीराचे माप ओळखले होते आणि त्या मापात बसणारा खेळ केला होता.

तेव्हा ड्रायव्हर घेण्यापूर्वी आपला वेग मोजा, लॉफ्टचा संकोच सोडा, दांडा आखूड करून पाहा, आणि अक्षरावर नव्हे तर खुणेवर विश्वास ठेवा. एवढे करूनही चेंडू झाडीत गेलाच, तर तो शांतपणे शोधावयास जावे. आपल्या वयात तेवढे चालणे प्रकृतीस हितकारकच आहे.