आधी प्लग काढा, मग किक मारा

दुपारभर पाऊस कोसळला आणि त्यातच खाडीला भरती आली, की संध्याकाळी डोंबिवलीला लोकलमधून उतरणाऱ्यांचा जीव आपापल्या दुचाकीत अडकलेला असतो. सकाळी कोरड्यात लावून गेलेली स्कूटर आता पाण्यात उभी असते, कुणाची अर्ध्या चाकापर्यंत, कुणाची पार सायलेन्सर बुडेपर्यंत. माणूस भिजलेला, दमलेला, घरी पोचायची घाई. चावी फिरते आणि अंगठा आपसूक सेल्फच्या बटणावर जातो.

पाण्याने होतं त्यापेक्षा मोठं नुकसान त्या अंगठ्याने होतं, हे पावसाळ्यात एखाद्या गॅरेजसमोर तासभर उभं राहिलं की पटतं.

ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर आणि चिखलवाडी, डोंबिवलीत नांदिवली, कल्याणात वालधुनीच्या काठच्या वस्त्या. पाणी कुठे भरतं हे इथल्या माणसाला नकाशा न बघता सांगता येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उल्हास नदीने कल्याण-बदलापूरचा पट्टा पाण्याखाली घातला. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. गाडीतले हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले, ते देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच पुरात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दुचाक्याही बुडाल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं, ते गॅरेजवाल्यांना ठाऊक.

डोंबिवली पूर्वेला आतल्या गल्लीतलं असंच एक गॅरेज. पत्र्याखाली दोन गाड्या मावतात, बाकीच्या रस्त्यावर रांगेत. मेकॅनिक गाडीला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. "ताई, चालू गाडी पाण्यात बंद पडली, की उभ्या गाडीत पाणी शिरलं?" आणि दुसरा, "सेल्फ मारला का?"

"एकदाच मारून बघितला," हे उत्तर त्याच्या सवयीचं आहे. तो रागावत नाही, पण त्या उत्तरावर त्याचं पुढचं काम ठरतं. उभ्या गाडीत पाणी शिरलं असेल आणि कुणी काही केलं नसेल, तर बहुतेक वेळा साफसफाईवर भागतं. चालत्या इंजिनाने एअर फिल्टरमधून पाणी ओढून घेतलं असेल, तर गोष्ट वेगळी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकला की इंजिन उघडावं लागतं. बंद गाडीत पाणी असताना सेल्फ मारत राहिलं, तर हाच धोका पुन्हा ओढवून घेतला जातो. शिवाय ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी बेअरिंगांपर्यंत फिरतं आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.

गाडी मेन स्टँडवर चढते. पहिल्यांदा बॅटरीची वायर सुटी होते. मग ऑइलची काडी बाहेर येते, आणि मेकॅनिक ती उजेडाकडे धरून मालकिणीला दाखवतो. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय. पाणी आत गेल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. खालचा बोल्ट काढून ते सगळं डब्यात सोडलं जातं.

डाव्या बाजूच्या एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू निघतात. आतला कागदी फिल्टर भिजून लगदा झालेला असतो, तो वाळवून पुन्हा बसवायचा नसतो, थेट टाकून द्यायचा. मग प्लग पाना लागतो. प्लग निघाला की त्याची वायर बाजूला सुरक्षित केली जाते आणि गॅरेजमधला पोरगा किक मारतो, तीही पायाने नव्हे, हाताने दाबून. पहिल्या दाबाला काही होत नाही. दुसऱ्याला प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. पोरगा तोंड आधीच बाजूला करून उभा असतो. नुसती वाफ येईपर्यंत हे चालतं. सेल्फ आंधळा असतो, तो फक्त फिरवतो. किक अडली तर हाताला ताबडतोब कळतं, आणि अडलेल्या किकवर मेकॅनिक कधीही जोर करत नाही.

पुढचं चाक उचलून गाडी मागे कलती केली, की सायलेन्सरमधून उरलेलं पाणी गाळासकट बाहेर येतं. गाडी जुनी, कार्बोरेटरची असेल, तर त्याच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशीच बसलेलं असतं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, तेव्हापासूनच्या स्कूटरना फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे वाटीऐवजी सेन्सर आणि कनेक्टर हवेने कोरडे करावे लागतात.

नवं ऑइल, कोरडा प्लग, नवा फिल्टर. मग किक. गाडी मिसिंग करते, ढेकर देते, पांढरा धूर सोडते आणि धरते.

पण सुरू झालेली स्कूटर चालेलच असं नाही. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, आणि चाक हलत नाही. आजच्या स्कूटरना साखळी नाही, गिअर नाहीत. इंजिनाची ताकद रबरी बेल्टवरून मागच्या चाकाकडे जाते, आणि त्या बेल्टच्या डब्यात पाणी गेलं की बेल्ट घसरतो. डावं कव्हर उघडून बेल्ट, पुली आणि क्लचची वाटी कोरड्या फडक्याने पुसावी लागते. ड्रम ब्रेकही भिजून ढिले पडलेले असतात. म्हणून पहिला फेरा हळू, अधूनमधून ब्रेक धरून ते सुकवत मारायचा.

जुन्या माणसांना इथे बजाज चेतक आठवते. १९७२पासून ही स्कूटर महाराष्ट्रात घरोघरी आली. सुरू होत नसली की ती एका अंगाला कलती करायची, चोक ओढायचा, पुन्हा किक. तेही नाही जमलं तर दुसरा गिअर टाकून पोरांना धक्का मारायला लावायचं. आजची स्कूटर धक्क्यावर सुरू होत नाही, कारण तिचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय धरतच नाही. चाक कितीही पळवा, इंजिन ढिम्म. तरी पुरातून ढकलत आणलेल्या गाडीला धक्का मारणारे प्रत्येक पावसाळ्यात दिसतात.

ठाणे-डोंबिवलीची तरुण मंडळी आता स्कूटर घेऊन मनाली-लेहलाही जातात, आणि तिथली पहाट वेगळाच धडा शिकवते. बर्फात ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी पडतो, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. तिथे किक (कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी चोक), थोडी विश्रांती, पुन्हा किक, अशी चिकाटी कामाला येते. इथल्या पाण्यात नेमकी तीच चिकाटी गाडीच्या मुळावर उठते. थंडीत लागू पडेल तोच उपाय आपण पुरात करू जातो, ही खरी गोम आहे.

विम्याचीही वाट इथूनच फुटते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे पैसे मिळतच नाहीत. पूर्ण विमा असला, तरी पाणी भरलेलं इंजिन सुरू करायला जाऊन ते मोडलं, तर कंपन्या साधारणपणे तो खर्च नाकारतात. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पाण्यात उभ्या गाडीचा फोटो काढा, ती न सुरू करता ढकलत आणा, हा मेकॅनिकचा सल्ला या दृष्टीनेही मोलाचा आहे.

गाडी सुरू झाली, ताईंच्या हातात चावी आली, तरी काम संपलेलं नसतं. कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं पाणी नव्या ऑइलमध्ये उतरतं. म्हणून चार-सहा दिवस चालवून ऑइल पुन्हा बदलायला या, असं तो बजावतो. पैसे वाचवायला बरेच जण ही फेरी टाळतात, आणि ते चुकतात.

रांगेत मागे एक इलेक्ट्रिक स्कूटरही लागलेली असते. तिला ना एअर फिल्टर, ना प्लग. आयपी ६७ दर्जाची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते, असं त्या दर्जाचं माप सांगतं. पण बॅटरी म्हणजे सगळी गाडी नव्हे. मेकॅनिक तिचं काही उघडत नाही. टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या म्हणतो, आणि तपासणी होईपर्यंत चार्जर लावू नका, हे मालकाकडून दोनदा वदवून घेतो.