कालव्यावरचा शेवटचा हंगाम

1962च्या डिसेंबरअखेर इंग्लंडात जी थंडी पडली ती मार्च उजाडेपर्यंत हटली नाही. कालवे गोठले. कोळशाने भरलेल्या नावा जिथे होत्या तिथेच बर्फात अडकल्या, आणि खेपेच्या हिशेबाने पैसे मिळवणाऱ्या बोटवाल्यांची कमाई आठवडेच्या आठवडे बंद पडली. कारखान्यांना मात्र थांबून चालणार नव्हते. त्यांनी कोळसा लॉरीने आणवला, आणि बर्फ वितळल्यावर त्यातले बरेच गिऱ्हाईक कालव्याकडे परतलेच नाही. त्याच थंडीत, 1 जानेवारी 1963 रोजी, सरकारी कालव्यांचा कारभार ब्रिटिश वॉटरवेज बोर्ड या नव्या मंडळाकडे आला. नॅरोबोटींनी, म्हणजे अरुंद नावांनी, माल वाहण्याचा आपला बहुतेक धंदा या मंडळाने त्याच वर्षात गुंडाळला. त्याच वर्षी स्टोक ब्रूअर्न गावी, कालव्याकाठच्या जुन्या गिरणीत, कालव्यांचे संग्रहालय उघडले. आणि त्याच वर्षी ग्रँड युनियन कालव्यावर एक विनोदी चित्रपट चित्रित होत होता. ‘द बार्जी’ या नावाने तो 1964 साली पडद्यावर आला.

धंदा बुडत असताना त्याच्यावर विनोदी चित्रपट काढणे निर्दयपणाचे वाटू शकते. पण हा चित्रपट निर्दय नाही, याचे श्रेय लेखकांचे. रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांची ओळख क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात झाली होती. ऐन विशीच्या उंबरठ्यावर दोघेही तिथे पडून होते. पुढे त्यांनी बीबीसीसाठी टोनी हॅनकॉकची मालिका लिहिली आणि 1962 पासून ‘स्टेप्टो अँड सन’. भंगारवाला म्हातारा बाप आणि घोडागाडीवरचा तो धंदा सोडून बाहेर पडण्याची स्वप्ने बघणारा मुलगा, एवढ्याच भांडवलावर ती मालिका उभी होती. मुलाचे काम करणारा हॅरी एच. कॉर्बेट हाच ‘द बार्जी’चा नायक. तो 1925 साली रंगूनमध्ये जन्मला. वडील सैन्यात होते आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता. जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपमध्ये घडलेला हा गंभीर प्रकृतीचा नट विनोदी भूमिकेतही माणसाची कुचंबणा सोडत नाही. दिग्दर्शक डंकन वुडही दूरचित्रवाणीवरच्या त्याच मंडळींतला. थोडक्यात, मोडकळीला आलेल्या धंद्यात अडकलेला माणूस हा या सगळ्यांचा हातचा विषय होता. भंगाराची गाडी जाऊन कालव्यावरची नाव आली, इतकेच.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. स्टेप्टोच्या मुलाला धंद्यातून सुटायचे आहे. ‘द बार्जी’तल्या हेमेल पाइकला सुटायचे नाही. त्याला जमिनीची भीती वाटते. बायको, घर आणि घड्याळाला बांधलेली नोकरी म्हणजे नाव गेली, हे तो जाणून आहे. म्हणून तो कालव्याच्या वाटेवर ठिकठिकाणी एकेक मैत्रीण ठेवतो आणि कुठेच मुक्काम वाढवत नाही. जोडीला त्याचा नात्यातला साधाभोळा भाऊ रॉनी आहे. ही भूमिका रॉनी बार्करची, पुढे दूरचित्रवाणीवर तो फार मोठा झाला. हेमेलची गाठ लॉकवरच्या रखवालदाराच्या मुलीशी पडते आणि ती गरोदर राहते. ‘बेन-हर’मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेला ह्यू ग्रिफिथ या बापाच्या कामात आहे. पोरीला फसवणारा कोण हे कळल्याशिवाय एकही नाव पुढे जाऊ देणार नाही, असे म्हणून तो लॉकच बंद करतो.

या प्रसंगाची खरी मजा लॉक म्हणजे काय हे कळल्याशिवाय येत नाही. कालव्याचे पाणी सपाट असते. ते डोंगर चढत नाही. चढ आला की कालव्यात दगडी किंवा विटांची खोल पेटी बांधतात, तिच्या दोन्ही टोकांना जाडजूड लाकडी दारे. नाव खालून आत आली की मागची दारे लावायची, वरच्या दारातल्या किंवा बाजूच्या झडपा दातेरी चक्राने उचलायच्या, म्हणजे वरचे पाणी पेटीत उतरते आणि नाव आपोआप उचलली जाते. पातळी सारखी झाली की वरची दारे उघडतात, त्याआधी दहा माणसे लोटायला लागली तरी हलत नाहीत, कारण पाण्याचाच रेटा ती मिटून धरतो. एंजिन नाही, वीज नाही. झडप उचलायचे लोखंडी हँडल बोटवाला पट्ट्यात खोचून फिरायचा. आणि अशा पेट्या चढावर एकीपुढे एक असतात. वॉरिकजवळच्या हॅटनला 21 लॉकचा जिना आहे. लंडन ते बर्मिंगहॅम सारा ग्रँड युनियन धरला तर 137 मैलांत 166 लॉक. त्यातले एक जरी कुलूपबंद झाले तरी त्या मार्गावरची वाहतूक ठप्प, कारण लॉकच्या बाजूने जायला दुसरी वाट नसते. एका बापाचा राग पुऱ्या जलमार्गाला वेठीस धरू शकतो, ही कल्पना म्हणूनच अतिशयोक्ती वाटत नाही. कालवा तसाच बांधलेला आहे.

चित्रीकरण मार्सवर्थच्या परिसरात झाले. ट्रिंगच्या टेकाडावर कालवा चढतो तो हा भाग. माथ्याला पाणी पुरावे म्हणून शेजारी तलाव बांधलेले आहेत. खरी नाव, खरे लॉक, खरे पाणी, आणि सगळे रंगीत. आज हा चित्रपट बघताना कथेकडे दुर्लक्ष होऊन माझे लक्ष नटांच्या मागे जाते. लांब नाव लॉकच्या तोंडाशी कशी आणतात, दोर खुंट्याला कधी टाकतात, दाराच्या दांड्याला पाठ लावून पाय कसे रोवतात. दहा-बारा वर्षांनी हे चित्रित करायचे म्हटले असते तर सगळे मांडून, शिकवून करावे लागले असते.

नावेचे माप लॉकने ठरवले. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली येथील खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा 1761 साली सुरू झाला आणि शहरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. तो आखणाऱ्या जेम्स ब्रिंडलीने पुढच्या कालव्यांवर सुमारे 7 फूट रुंदीचे लॉक घेतले. खोदाई कमी, पाणी कमी, खर्च कमी. जोसाया वेजवुडसारख्या भांडीवाल्या कारखानदाराला हे सोन्याहून पिवळे होते, कारण खाचखळग्यांच्या रस्त्यात फुटणारी त्याची भांडी पाण्यावरून शाबूत जात. पण या काटकसरीची किंमत इंग्लंड पुढे दोनशे वर्षे मोजत राहिले. 70 फूट लांब, 7 फूट रुंद अशी सुरीसारखी नाव आणि तिच्यात पंचवीसेक टन माल, त्याहून जास्त नाही. घोडा एवढे वजन काठावरून सहज ओढत असे, हा अठराव्या शतकातला चमत्कार होता. विसाव्या शतकात लॉरीशी झुंजताना तोच आकडा गळ्याशी आला. ग्रँड युनियनच्या मुख्य मार्गावर मात्र लॉक 14 फुटी आहेत. उत्तरेकडचे बरेचसे 1930च्या दशकात नव्याने रुंद केले गेले, हॅटनसुद्धा. त्यामुळे तिथे नावा जोडीने चालत: पुढे डिझेल एंजिनाची नाव, मागे बिनएंजिनाची, तिला ‘बटी’ म्हणत. लॉकमध्ये दोघी शेजारीशेजारी मावत आणि एका खेपेत 50 टन माल जाई. हेमेल आणि रॉनी अशीच जोडी चालवतात.

आणि इथेच चित्रपटाशी माझे भांडण आहे. जोडी दोन पुरुष चालवतात, बायका सगळ्या काठावर. प्रत्यक्षात बटीच्या सुकाणूवर बहुधा घरची बाईच असे. रेल्वे आली आणि मालाचे दर कोसळले, तेव्हा नोकर ठेवणे आणि गावात घरभाडे भरणे दोन्ही न परवडून बोटवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकामुलांना नावेवर आणले. शेपटाकडची केबिन जेमतेम 10 फूट लांब. तिच्यात कोळशाची चूल, दार खाली पाडले की टेबल होणारे कपाट, रात्री आडवी फळी टाकून होणारा पलंग. एवढ्यात संसार, बाळंतपणे, आजारपणे. रांगते मूल छपरावर चिमणीला दोरीने बांधून ठेवीत, म्हणजे पाण्यात पडायचे नाही. पैसे मिळत ते नावेच्या कप्तानाला, म्हणजे नवऱ्याला. बटीवर दिवसभर उभी राहणारी बायको मजुरीच्या हिशेबात कुठेच नसे.

बाहेरच्या जगाला ही माणसे घाणेरडी आणि भांडखोर वाटत. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने नावेवरच्या मुलांचे हाल वेशीवर टांगले, त्यातून 1877चा आणि मग 1884चा कायदा आला. नावांची नोंदणी, केबिनची तपासणी, मुलांच्या शाळेची तरतूद. स्मिथचा हेतू चांगला होता, पण त्याच्या लेखणीने बोटवाल्यांना बदनामही पुष्कळ केले. आज इथे, उद्या तीस मैलांवर असणाऱ्या मुलाने कुठल्या शाळेत जायचे हे कायद्याला नीट सुटले नाही, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोटवाल्यांत निरक्षर माणसे खूप राहिली. त्यांच्या वस्तूंकडे मात्र बघावे. केबिनच्या दारांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाबाचे झुबके आणि तळ्याकाठचे किल्ले रंगवलेले. चिमणीला पितळेची घासून लखलखीत केलेली कडी. भिंतीवर कडेला फीत ओवता येईल अशा चिनीमातीच्या थाळ्या. ही चित्रकला कुठून आली याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. इतक्या अडचणीच्या जागेत इतका नेटकेपणा ज्यांनी राखला त्यांना घाणेरडे म्हणणाऱ्यांनी केबिनचे दार उघडून बघितले नसावे.

कोणी एक मात्र बघत होते. स्टोक ब्रूअर्नच्या लॉकशेजारी राहणाऱ्या सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेने वर्षानुवर्षे बोटवाल्यांवर औषधोपचार केले. नाव थांबली की बायका-पोरे तिच्या दारात. 1951 साली तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा शहरांतल्या शिकलेल्या तरुणींना या जोड्या चालवायला शिकवले गेले. त्यांतल्या सुसान वुलफिट आणि एमा स्मिथ यांनी नंतर त्या दिवसांवर पुस्तके लिहिली. म्हणजे नावेवरच्या बाईची कहाणी 1964 साली कोणाला ठाऊकच नव्हती असे नाही. गाल्टन-सिम्प्सनना ठिकठिकाणी मैत्रिणी असलेला नायक हवा होता, आणि त्याच्यासाठी नाव मोकळी ठेवावी लागली. विनोदाची सोय म्हणून हे समजते. पण त्यामुळे हेमेलच्या लेखी लग्न म्हणजे नाविकपणाचा शेवट ठरतो. त्याच पाण्यावर शेकडो कुटुंबांचे लग्न आणि नाव एकाच छपराखाली नांदत होते.

चित्रपटातली सर्वांत अचूक नजर मला एका लहान भूमिकेत दिसते. एरिक साइक्स हौशी बोटवाल्याच्या रूपात वारंवार मध्ये येतो, दर्यावर्दीचा थाट करून, नाव कशी वळवायची ते धड माहीत नसताना. 1964 साली तो निव्वळ हसण्याचा विषय होता. पण कालवे वाचवले ते त्याच्यासारख्यांनी. एल. टी. सी. रोल्टचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 साली आले, ते वाचून रॉबर्ट एकमनने त्याच्याशी संपर्क साधला आणि 1946 साली दोघांनी आणखी काही जणांसह कालवे जपण्यासाठी संघटना काढली. 1968च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची वर्गवारी केली, तीत ‘सहलीचे कालवे’ असा एक स्वतंत्र वर्ग होता. आज कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या 2012 साली सुरू झालेल्या संस्थेकडे इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2000 मैलांचे जलमार्ग आहेत आणि त्यांवर पस्तीस हजारांच्या आसपास नावा. जवळजवळ सगळ्या राहण्याच्या किंवा हौसेच्या.

लांब पल्ल्याचा मालाचा धंदा चित्रपटानंतर सहा-सात वर्षे रेटला गेला. मंडळाने सोडलेली काही कामे विलो रेन या खासगी कंपनीने चालवून पाहिली. लांब पल्ल्याच्या नियमित फेऱ्यांत अ‍ॅथरस्टोनचा कोळसा साउथॉलच्या जॅम कारखान्याला पोचवण्याची फेरी सर्वांत शेवटपर्यंत टिकली. तेच साउथॉल, जे आता भारतीय वस्तीसाठी आपल्याला ओळखीचे आहे. ऑक्टोबर 1970 मध्ये ती फेरी थांबली. शेवटच्या खेपांत ‘रॉजर’ ही एंजिनाची नाव आणि ‘रेमंड’ ही बटी होती, आणि नावेवर आर्थर ब्रे यांच्यासोबत त्यांच्या पत्नी रोझ ब्रे होत्या.

म्हणून ‘द बार्जी’ बघायचा असेल त्याने आधी ‘पेंटेड बोट्स’ बघावा, असे मी सुचवीन. चार्ल्स क्रायटनने 1945 साली ईलिंग स्टुडिओसाठी केलेला तो छोटा कृष्णधवल चित्रपट दोन बोटवाल्या कुटुंबांचा आहे, आणि त्याचे निवेदन कवी लुई मॅकनीसने लिहिले आहे. त्यात हसायला फारसे नाही. पण हेमेल पाइकच्या केबिनमध्ये जी माणसे दिसत नाहीत ती तिथे आहेत: सुकाणूवरची मुलगी, चुलीशी बसलेली आई. ती ओळखीची झाली की मग कॉर्बेट आणि बार्कर यांच्यावर मनापासून हसता येते, आणि त्यांच्या हातातले काम किती जुने, किती अवघड आणि किती जणांचे होते हेही ध्यानात राहते.