फारसी कागद मराठीत आणणारे सेतुमाधवराव

आजेसासऱ्यांच्या वेळचा उर्दूतला एखादा कागद अनेकींच्या घरी ट्रंकेत असेल. वाचता येत नाही म्हणून तसाच पडून असतो. आपला हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घरात बोलायचं मराठी आणि शेताचा कागद उर्दूत, अशी तऱ्हा.

सेतुमाधवराव पगडी त्याच राज्यातले. जन्म १९१० चा, निलंग्याचा, म्हणजे आताच्या लातूर जिल्ह्यातला. ते काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, सरकारी अधिकारी होते. गोंडांच्या भागात काम करताना गोंडी शिकले, तिचं व्याकरणही लिहिलं. साहेबानं दुभाषावर न भागवता लोकांची भाषा शिकायची, हे आम्हाला त्यांच्या पुस्तकांइतकंच मोठं वाटतं.

त्यांचं खरं काम पुढेच आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत आला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. इतकी वर्षं त्याच्या छावणीतल्या बातम्या फारसीत लिहिल्या जात होत्या. कोणाला मानाचा पोशाख मिळाला, कोणत्या किल्ल्याला वेढा पडला, मराठ्यांनी कुठे रसद मारली, सगळं. लिहिणारे बादशहाचे नोकर. त्यांना मराठ्यांची तारीफ करायची नव्हती, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यातही मराठ्यांचा धाक दिसला, तर तो खराच म्हणायचा. सेतुमाधवरावांनी ही बातमीपत्रं मराठीत आणली. मोगलांच्या चाकरीत दख्खनेत जन्म घालवलेल्या भीमसेन सक्सेनाची हकिकतही आणली. तोवर हे सारं फारसी जाणणाऱ्या मोजक्यांपुरतं होतं. आता मराठी शाळा शिकलेली कोणीही वाचू शकते.

भाषावार प्रांत झाल्यावर ते मुंबईला गेले, तिथे गॅझेटियरचं काम पाहिलं. गालिबच्या गझलाही मराठी वाचकाला समजावून सांगितल्या. आत्मचरित्राचं नाव 'जीवनसेतू'. १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९४ मध्ये ते गेले.

फारसी, उर्दू, मोडी वाचणारी माणसं मात्र आता कमी झाली. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली, तेव्हा असे जाणकार शोधावे लागले. एका नोंदीवर पोरांचा दाखला अडलेला, आणि अक्षर लागत नाही!

म्हणून ट्रंकेतला तो कागद रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, घडीवर फाटतो म्हणून सपाट ठेवा, फोटो काढून जाणकाराला दाखवा. त्यावर १३५० असा आकडा असला तर कागद सातशे वर्षांचा समजू नका. ते फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९४० च्या सुमाराचा कागद निघेल.