उजेडावर गोधडी घालता येत नाही

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन राज्याच्या किनाऱ्यावर हार्बरसाइड नावाची लहानशी वस्ती आहे. जानेवारीत तिथे गुडघाभर बर्फ असतो, पारा शून्याखाली उतरलेला असतो. अशा दिवसांत इलियट कोलमन यांच्या फोर सीझन फार्मवर, कसलीही शेगडी न पेटवलेल्या हरितगृहात, ताजा स्पिनॅच खुडला जातो आणि आसपासच्या गिऱ्हाइकांच्या ताटात पोचतो. रासायनिक खत नाही, कीटकनाशक नाही.

ही जमीन कोलमन यांनी 1968 मध्ये हेलन आणि स्कॉट निअरिंग या दांपत्याकडून घेतली. तेव्हा तिथे जंगल होतं आणि माती आम्लधर्मी, दगडगोट्यांची होती. कंपोस्ट आणि समुद्री शेवाळ घालून ती कसदार केली.

पण मला थक्क करतं ते त्यांनी नकाशा कसा वाचला, ते. हे शेत साधारण 44 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तीच रेघ अटलांटिकपलीकडे नेली, तर ती दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंजवळून जाते, आणि तिथे हिवाळाभर मळ्यात हिरवी पानं असतात. म्हणजे दोन्हीकडे दिवस सारखेच लांब, सूर्य सारखाच तिरपा. मेनमध्ये जास्त आहे ती फक्त थंडी, आणि थंडीवर पांघरूण घालता येतं.

कोलमन यांनी दोन पांघरुणं घातली. बाहेर प्लास्टिकचं हरितगृह आणि आत वाफ्यावर, तारेच्या कमानींवर पसरलेलं हलकं कापड, मातीपासून फूटभर उंच. दिवसा तापलेल्या मातीची ऊब रात्री त्याखाली कोंडून राहते. त्यांच्या हिशेबाने एकेक थर शेताला सुमारे 800 किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवतो. तरी रात्री पानं गोठतातच! सकाळी उन्हाने ती सैल होतात, मग काढणी. जमिनीत ठेवलेलं गाजर तर थंडीने जास्तच गोड होतं.

उजेडाचं मात्र काही करता येत नाही. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. तिथे हा काळ नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा. म्हणून हिवाळ्याचं पीक ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पेरायचं आणि नोव्हेंबरच्या आत वाढवून घ्यायचं. पुढचे तीन महिने ते उभं राहतं, जिवंत साठ्यासारखं. पेरणी चार दिवस लांबली, तर काढणी कित्येक आठवडे लांबते. ऑगस्टमध्ये हरितगृहात टोमॅटो उभा असतो, मग पेरायचं कुठे? बाहेर, शेजारच्या वाफ्यात. थंडी पडली की अख्खं हरितगृहच सरकवून त्या वाफ्यावर आणायचं.

पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. त्यामुळे ही अडचण आपल्याला नाहीच. हिवाळा हा आपला भाजीचा भरघोस हंगाम. आपल्याकडे बारा महिने घरपोच सेंद्रिय भाजी द्यायची म्हटलं, की खरी परीक्षा मे आणि जुलैची. उन्हाळ्यात कोथिंबीर पानं भरायच्या आत फुलावर येते, म्हणून शेडनेट लागतं. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून गादीवाफे उंच करायचे आणि वर प्लास्टिक ताणायचं, तेही ऊब धरायला नाही, पाऊस अडवायला.