वसंतातला बर्फ कसा जोखावा

हिमालयात एप्रिल-मे महिन्यांत हिमस्खलनाचा धोका तासातासाला बदलतो. हिवाळ्यात ताज्या बर्फाचा जाड थर खालच्या कच्च्या थरावरून घसरतो. वसंतात मुख्य कारण पाणी. उन्हाने वितळलेले पाणी आत झिरपते, बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि सगळा उतार भुसभुशीत होतो. रात्री आकाश निरभ्र असेल, तर बर्फातली उष्णता बाहेर पडून वरचा थर पुन्हा टणक गोठतो. ढगाळ रात्री ती अडते. हवा बोचरी असली, तरी बर्फ कच्चाच राहतो. त्यामुळे पहाटे आधी पाहायचे ते हे, की रात्री बर्फ गोठला का.

गोठलेला बर्फ पाऊल पेलतो. पाय घोट्याच्या वर रुतू लागले, की उतार सोडण्याची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत रुतले, तर उशीर झालेला असतो. वरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येणे, हीसुद्धा इशाऱ्याचीच खूण. ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर पडते, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. धोकाही त्याच क्रमाने सरकतो.

उत्तरेकडच्या उतारांवर मात्र हिवाळ्यातला कच्चा थर उशिरापर्यंत दडून राहतो. तिथे खड्डा खणून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करतात. त्यावर फावड्याचे पाते ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून दहा-दहा थापा मारतात. मनगटाच्या हलक्या थापांनीच खांबाचा वरचा भाग सपकन सरकला, तर त्या उताराला पाय लावू नये. चिंब ओल्या बर्फात मात्र या चाचणीवर विसंबता येत नाही.

बहुतेक मोठी स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. पण पायाखालची जागा सपाट आहे, एवढ्याने भागत नाही. डोक्यावरचा उतारही पाहावा लागतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यालगत झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटकांचा बळी गेला.

हिमाचलमधल्या रूपिन खिंडीखालची बर्फाची उभी घळ सकाळी लवकर चढतात, ती उन्हाने बर्फ भुसभुशीत होण्याआधी वर पोहोचता यावे म्हणून. मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातून अशा वाटांवर जाणाऱ्यांनी रात्री बर्फ गोठला का, हे वाटाड्याला जरूर विचारावे. तो ‘आज नको’ म्हणाला, तर परतीचे तिकीट पुढे करू नये.