सीमारेषेपलीकडचा पालक

रविवारी पहाटे भाईंदर स्थानकावर चर्चगेटच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एक जोडी हमखास आढळते. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, जवळजवळ त्याच्याच उंचीची किट बॅग आणि ती पेलण्याचे काम पत्करलेला बाप, क्वचित आई. गाडी विरारहूनच भरून आलेली असते. आधी मुलाला आत ढकलावे की बॅग, हा प्रश्न दर रविवारी नव्याने पडतो आणि दर रविवारी कसाबसा सुटतो. आठवड्याचे सहा दिवस ह्याच गाडीने कचेरी गाठणारा हा गृहस्थ सातव्या दिवशीही त्याच गाडीत लोंबकळतो. फरक इतकाच की त्या दिवशी त्याच्या हाती डब्याऐवजी बॅट असते. घरी धाकटी मुलगी झोपलेली असते. तिला कुठे न्यावयाचे, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नसतो.

क्रिकेटच्या शिबिराच्या प्रवेशपत्रावर नाव मुलाचे लिहिले जाते. वस्तुतः प्रवेश संपूर्ण घराचा होत असतो. पालक सही करतो, शुल्क भरतो आणि त्या क्षणापासून एका संस्थेचा बिनपगारी, बिनअधिकारी सभासद होतो. प्रवास त्याने करावयाचा, साहित्य त्याने आणावयाचे आणि सामना सुरू झाला की सीमारेषेपलीकडे उभे राहून हातांची बोटे मोडावयाची. एवढी मोठी गुंतवणूक करणाऱ्याला खेळाच्या कारभारात मात्र काडीचेही स्थान नाही. ही अवस्था अपरिहार्य आहे काय, ह्याचा विचार मीरा-भाईंदरसारख्या शहराने तरी करावयास हवा.

अंतराची किंमत

१९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या ह्या शहराची वाढ विलक्षण वेगाने झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मिठागरे आणि भातखाचरे ह्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्गीय दहिसरची वेस ओलांडून येथे स्थिरावला. त्याला येथे खोल्या मिळाल्या. पण मुंबईच्या मैदानांचा वारसा काही त्याच्या सामानाबरोबर आला नाही. आझाद मैदान, ओव्हल, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क ही नावे त्याच्या मनात राहिली आणि त्याचे घर मात्र चर्चगेटपासून चाळीस किलोमीटरांहून दूर गेले.

ह्या अंतराचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, कारण तो तिकिटाच्या दराने मांडला तर क्षुल्लक दिसतो. अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेल्या दुसऱ्या गोष्टीवरून ठरते. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर वर्षाच्या पन्नास आठवड्यांत साडेचारशे तास होतात. आठ तासांचा एक दिवस मानला तर हे छप्पन्न दिवस भरतात. मुलगा खेळतो तो काळ ह्यात धरलेलाच नाही. हा केवळ गाडीचा काळ आहे. ह्या छप्पन्न दिवसांत मुलाची झोप आहे, गृहपाठ आहे, बापाची विश्रांती आहे आणि धाकट्या मुलीच्या वाट्याचा बापही आहे.

दंतकथा आणि त्यांतील वगळलेला भाग

असे असूनही पालक हा भार आनंदाने उचलतो, ह्याचे कारण त्याच्यासमोर असलेल्या कथा. त्या खोट्या नाहीत. परंतु त्या नीट वाचल्या तर त्या प्रत्येकीत अंतर कोणीतरी दुसऱ्यानेच कमी केलेले दिसते. सचिन तेंडुलकरला रमाकांत आचरेकरांकडे नेले ते थोरला भाऊ अजित याने. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी. त्यांनी मुलाला वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात जाऊ दिले आणि पुढे तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहिला. रोहित शर्मा डोंबिवलीच्या आईवडिलांपासून दूर, बोरिवलीला आजी-आजोबांकडे वाढला आणि प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या खटपटीने त्याच्या शाळेचे शुल्क माफ झाले. पालघरहून किट बॅग घेऊन गाडीने येणाऱ्या शार्दूल ठाकूरला तर लाड यांनी काही काळ स्वतःच्या घरातच ठेवून घेतले. विरारच्या पृथ्वी शॉसाठी वडिलांनी आपला व्यवसाय सोडला. काकांचे घर, आजोबांचे घर, गुरूचे घर किंवा बापाची उपजीविका, ह्यांपैकी काहीतरी मोडून वा जोडूनच हे अंतर मिटले. ज्या कुटुंबापाशी ह्यांतले काहीच नाही, त्याने काय करावे ह्याचे उत्तर ह्या कथांत मिळत नाही.

शालेय क्रिकेटमधील विक्रमांकडेही दुसऱ्या बाजूने पाहता येते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली, हे शाळकरी पोरही सांगेल. त्या वेळी उन्हात धावणाऱ्या सेंट झेवियर्सच्या संघात साईराज बहुतुले होता आणि पुढे तोही भारताकडून कसोटी खेळला, हे फार थोड्यांना आठवते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने शालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने १४६५ धावा केल्या आणि प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ व ५२ धावांत संपले. त्या अकरा मुलांचे पालक घरी काय बोलले असतील? विजयी मुलाच्या घरचीही गोष्ट सरळ नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढच्या वर्षी, मुलाचा खेळ उतरणीला लागलेला असताना, ती थांबवावी असे वडिलांनीच संघटनेला कळविले. एका पित्याचा हा प्रामाणिकपणा हजार धावांहून कमी मोलाचा म्हणता यावयाचा नाही.

ज्या बाजारात बक्षीस अफाट आणि ते मिळविणारे मूठभर असतात, तेथे प्रत्येक जण आपल्या यशाची शक्यता वास्तवापेक्षा अधिक धरतो. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून हे बक्षीस अधिकच डोळे दिपविणारे झाले. पण मुंबईच्या संघात खेळणारे अकरा, ते अकराच राहिले. मग चार वर्षे खर्च झाली आहेत, म्हणून पाचवे वर्षही खर्च करावयाचे, असे सुरू होते. मुलाला खेळ नकोसा झाला तरी तो ते बोलू शकत नाही, कारण बापाचे छप्पन्न दिवस त्याच्या खांद्यावर असतात. किट बॅगेपेक्षा हे ओझे जड असते.

विल्यम्सपोर्टचा धडा

पालकाला ह्यापेक्षा वेगळे स्थान देता येते काय? अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हा प्रयोग झालेला आहे. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट ह्या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका सामान्य माणसाने १९३८ च्या उन्हाळ्यात आपले भाचे-पुतणे आणि शेजारची मुले जमवून मुलांना झेपेल असे मैदान आखून पाहिले. मोठ्यांच्या मैदानात दोन तळांमधील अंतर ९० फूट. मुलांसाठी ते ६० फुटांवर आणले गेले. १९३९ साली तीन संघांनिशी ‘लिटल लीग’ सुरू झाली. स्थानिक व्यापाऱ्यांनी थोडे पैसे दिले. बाकीचे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनी व पालकांनी केले. आजही ह्या व्यवस्थेचा कणा स्वयंसेवक पालक हाच आहे. कोणी प्रशिक्षक होतो, कोणी पंच, कोणी मैदान आखतो, कोणी खाद्यपदार्थांची टपरी सांभाळून खर्चाचे पैसे उभे करतो. मूल आपल्या वस्तीच्या हद्दीतील लीगमध्येच खेळते आणि संघात घेतलेल्या प्रत्येक मुलाला सामन्यात निदान काही काळ खेळू दिलेच पाहिजे, असा नियम आहे.

ह्या चित्राला काळी बाजू नाही असे मुळीच नाही. संस्था मोठी झाली, पैसा आला आणि १९५० नंतरच्या दशकात खुद्द स्टॉट्झच तिच्यापासून दूर झाला. मुलींना तेथे १९७४ पर्यंत प्रवेश नव्हता. तो न्यायालयीन लढ्यानंतर मिळाला. २००१ साली तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका संघाचा नामांकित गोलंदाज बारा वर्षांचा नसून चौदा वर्षांचा असल्याचे उघड झाले. जन्माचा दाखला खोटा होता आणि संघाचे सारे विजय रद्द करावे लागले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळालाही वयचोरी पकडण्यासाठी मुलांच्या हाडांची तपासणी करावी लागते, हे पाहता ह्या बाबतीत कोणी कोणाला हसावे अशी स्थिती नाही. पालकाची महत्त्वाकांक्षा सर्वत्र सारखीच आहे. फरक आहे तो तिला कामाला लावणाऱ्या व्यवस्थेचा. जो बाप आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या मुलांसाठी पंच म्हणून उभा राहतो, त्याला स्वतःच्या मुलावर झालेला ‘अन्याय’ थोडा कमी बोचतो.

शहराने काय करावे

मीरा-भाईंदरमध्ये अशी वस्तीची लीग उभी राहू शकेल काय? पहिला प्रश्न जमिनीचा. विकास आराखड्यात क्रीडांगणांची आरक्षणे असतात. परंतु महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते आणि ठरलेल्या मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. म्हणजे नकाशावरील हिरवा तुकडा हा कायमचा ठेवा नव्हे. त्यावर लक्ष ठेवणारा कोणी नसेल तर तो काळाच्या ओघात निसटतो. जे आहे त्यालाही इतर वाटेकरी असतात. सभा, जत्रा, प्रदर्शने, उत्सव ह्यांना मैदान लागतेच. मुलांची मागणी मांडणारा तेवढा कोणी नसतो. मग तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीच्या बंदिस्त जागा उरतात आणि खेळ हा सार्वजनिक हक्क न राहता विकत घेण्याची वस्तू होतो.

येथेच पालकाची गरज आहे. एकटा पालक प्रशिक्षण वर्गाचा ग्राहक असतो. शंभर पालकांची नोंदणीकृत संस्था ही महापालिकेच्या दारात नागरिकांची मागणी असते. आराखड्यातील आरक्षणांची मुदत कधी संपते हे तिने विचारावे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेकडून क्रीडांगणाची अपेक्षा केली आहे; ती क्रीडांगणे रविवारी सकाळी वस्तीतील मुलांना खुली व्हावीत, असा आग्रह तिने धरावा. बारा वर्षांखालील मुलांसाठी आखूड खेळपट्टी, लहान सीमारेषा, प्रत्येकाला फलंदाजी आणि गोलंदाजी, एवढे चार नियम पुरेसे आहेत. गुणलेखन ही कारकुनाला सहज येणारी विद्या आहे. पंचगिरी शिक्षकाला नवी नाही. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मैदान आखण्यास चुना व दोरी पुरते.

गुणवान मुलाला अखेर मुंबईच्या मैदानावरच जावे लागेल, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अर्धा खरा आहे. चौदा वर्षांखालील जाइल्स ढाल, सोळा वर्षांखालील हॅरिस ढाल, पावसाळ्यातील कांगा लीग ह्या पायऱ्या राहणारच आणि त्या चढू शकणाऱ्याने अवश्य चढाव्यात. पण दहाव्या वर्षी कोण चढणार हे कोणालाच ठरविता येत नाही. ते कळेपर्यंत सर्वांनीच चाळीस किलोमीटर जावे, ही व्यवस्था गुणवत्तेची निवड करीत नाही; ती ज्याला प्रवास परवडतो त्याची निवड करते. जो थकून मागे राहिला त्याची गुणवत्ता कोणी मोजलेलीच नसते.

आणि घरी झोपलेल्या त्या धाकट्या मुलीचे काय? भांडुपच्या जेमिमा रॉड्रिग्जचे कुटुंब खेळाच्या सोयीसाठी वांद्र्याला राहावयास गेले आणि वडिलांनी तिच्या शाळेत मुलींचा क्रिकेट संघ उभा केला. घर बदलणे सर्वांना शक्य नाही; शाळेत संघ उभा करणे मात्र अनेकांना शक्य आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि तीन दिवसांनी भारतीय महिला विश्वविजेत्या झाल्या. त्या विजयाचे पेढे भाईंदरच्या घरांतही वाटले गेले असतील. दूरच्या शिबिराला एकाच मुलाला नेता येते, म्हणून बहुधा मुलाला नेले जाते. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असले तर दोघांनाही नेता येते. अंतर कमी होताच घरातील न्यायही थोडा वाढतो.

साडेचारशे तास हे पालकापाशी आजही आहेत. ते गाडीत खर्च होतात एवढेच. त्यांतले पन्नास तास जरी स्वतःच्या शहरातील मैदानाला मिळाले, तरी दोन-चार वर्षांत चित्र बदलू शकेल. त्यातून भारताचा कर्णधार निपजेलच असे नाही. परंतु रविवारी सकाळी खेळून, घामेजून, दहा मिनिटांत घरी परतून भावाबहिणीने एका ताटात न्याहरी करावी, एवढे सुख शहरातील हजारो मुलांना मिळेल. त्यासाठी पालकाने सीमारेषा ओलांडून आत यावयास हवे. मुलाच्या वतीने खेळण्यासाठी नव्हे, तर सर्वांच्या मुलांसाठी ती रेषा आखण्यासाठी.