खिडकीपुढचा हिरवा आडोसा

पुण्यात आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. दहा फुटांवर शेजारची चार मजली इमारत. आडोसा हवा म्हणून खिडकीपुढे मेंदी लावली. दोन वर्षांत ती डोक्याएवढी झाली, पण नेमक्या खिडकीच्या उंचीला नुसत्या काटक्या. पाला काय तो शेंड्याला.

मेंदीचा त्यात दोष नव्हता. पान उजेडात अन्न तयार करतं, तसं श्वसनात खर्चही करतं. उजेड कमी होत गेला की एका टप्प्यावर कमाई आणि खर्च सारखे होतात. त्याखाली ते पान झाडाला पोसवत नाही, मग झाड ते गाळून टाकतं. उन्हातल्या झाडांवर ही वेळ लवकर येते. सावलीला सरावलेल्या झाडांची पानं पातळ आणि गर्द असतात, त्यांचं श्वसन मंद असतं. थोडक्या उजेडातही त्यांचं भागतं, म्हणून वाढ सावकाश होत असली तरी बुडाशी पाला टिकतो.

सावली किती, हे डोळ्यांनी ठरवू नये. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, इमारतींमधल्या बोळात त्याचा लहानसा अंशच पोचतो. पण डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला बोळ चांगला उजळ वाटतो.

त्याहून महत्त्वाचा महिना. पुण्यात मेच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत उत्तरेकडे कललेला राहतो. हिवाळाभर उन्हाचं तोंड न पाहिलेल्या आमच्या बोळात मे महिन्यात दुपारचं ऊन सरळ खाली उतरतं. सावलीत वाढलेल्या पानाला एवढा उजेड वापरता येत नाही. त्याची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि पानावर करपल्याचे डाग पडतात. ‘सावलीचं झाड’ एवढ्यावर रोप आणू नका, ते मे सोसेल का हेही नर्सरीत विचारा.

मी कुंती निवडली. कढीपत्त्याची ही नातलग ऊन-सावली दोन्ही सोसते. सकाळी थोडं ऊन येतं त्या कोपऱ्यात अडुळसा लावला, सर्वांत अंधाऱ्या टोकाला रॅफिस पाम. त्याला बुडापासून नवे कोंब फुटतात, त्यामुळे खालची फट आपोआप भरते. मेमध्ये तेवढ्या पामवर हिरवी जाळी बांधतो. कुंती छाटताना वरचा भाग बुडापेक्षा अरुंद ठेवतो, म्हणजे खालच्या पानांना वाटणीचा उजेड मिळतो.

यंदा पावसाळ्यात कुंतीला जेमतेम पाच-सहा घोस आले. सावलीत फुलं कमीच येतात. पण ओट्याशी उभं राहिलं की समोरची गॅलरी आता दिसत नाही.